गोजरबाईंनी स्वतः केलेली जाहिरात

तळेघरच्या गोजरबाईंनी साठीत पुस्तक लिहिलं. डोंगरातली अंगणवाडी चालवताना कुणाकुणाशी भांडावं लागलं, ते सगळं त्यात होतं. पुण्याच्या प्रकाशकाने जाहिरातीसाठी व्हिडिओ बनवला. बाईंनी तो सुनेच्या, अक्षदाच्या मोबाईलवर पाहिला. धुक्यातल्या वाटेवर एक नटी डोक्यावर मोळी घेऊन रडत होती.

बाईंनी लगेच फोन लावला. "साहेब, ही कोण रडतीय? माझ्या पुस्तकात मी एकदाबी रडले न्हाई."

"अहो, रडणं लोकांना भिडतं. हजारोंनी पाहिलाय."

"पुस्तक किती जणांनी मागितलं?"

"अजून एकानंही नाही."

"मग माझा व्हिडिओ मीच करते."

नाचणीच्या शेतात अक्षदाने मोबाईल धरला. पोरांच्या खाऊचा तांदूळ घरी नेणाऱ्या पुढाऱ्याला बाईंनी भर ग्रामसभेत अडवलं होतं. ते पान त्यांनी खणखणीत वाचलं. पुढारी अंगावर धावून आला, या ओळीवर त्यांनी पुस्तक मिटलं. "फुडचं पुस्तकात वाचा."

"आत्याबाई, तो पुढारी बघंल की," अक्षदा म्हणाली.

"बघू दे. मी काय खोटं लिवलंय?"

हा व्हिडिओ फार जणांनी पाहिला नाही. पण आळेफाट्याच्या हॉटेलात भाकरी थापणाऱ्या बायकांनी पाहिला आणि सगळ्यांत मिळून एक पुस्तक मागवलं. मग वारूळवाडीहून मागणी आली, नंतर इतर गावांतूनही.

प्रकाशक खूश झाला. "बाई, आता दोन्ही व्हिडिओ चालू ठेवू."

"तिचा ठेवायचा आसंल, तर पुस्तकबी तिच्याच नावानं छापा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत प्रकाशकाने नटीचा व्हिडिओ काढून टाकला.