सातव्या क्रमांकावर ताई

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे त्याचं काम. आधी उजवी काच, मग डावी. इतक्या वर्षांत एकदाही उलट झालं नाही. दुकानात सगळे त्याला 'क्रमवार' म्हणत आणि त्याला ते कौतुक वाटे.

पस्तिसाव्या वर्षी त्याने आयुष्यात करायच्या वीस गोष्टींची यादी केली आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. नियम एकच, क्रम मोडायचा नाही. नखं खाणं सोडणे, मोरीतला गळका नळ स्वतः दुरुस्त करणे, अक्षर सुधारणे, अशा सहा गोष्टी दोन वर्षांत पार पडल्या. सातवी होती, 'ताईशी बोलणं सुरू करणे.' तिथे गाडी अडली ती चौदा वर्षं.

भांडण चष्म्यावरूनच झालं होतं. त्याने केलेला चष्मा डोळ्यांना लावून थोरली बहीण चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "नंबर चुकलाय रे."

तो म्हणाला, "नंबर बरोबर आहे. तुझी नजरच वाकडी आहे."

आठवी गोष्ट पोहायला शिकणे, नववी दहा किलो वजन उतरवणे, दहावी पहाटे उठणे.

"आठवीला हात घाला की," बायको म्हणायची.

"मधली सोडून पुढे जायचं तर यादी कशाला हवी?"

"व्यायाम नको म्हणून बिचाऱ्या ताईंना आडवं घातलंय तुम्ही."

यावर तो दुखावला जाई आणि आणखी एकदा वाढून घेई.

एकावन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि पोहायला लागा म्हणून बजावलं. बायकोने त्याच्या चपला दाराकडे वळवून ठेवल्या.

ताईने दार उघडलं. तिचा चष्मा दुसऱ्या दुकानातला, एका बाजूला कललेला. त्याला राहवेना. तिच्या नाकावरून तो काढून त्याने दांडी सरळ केली आणि परत बसवला. ताईने डोळे पुसले, चहा टाकला. सगळं इतकं छान चाललं होतं की भरात येऊन त्याने कपाटावरून सोलून आणलेली यादी खिशातून काढली.

"बघ, किती वर्षं मनात होतीस माझ्या."

ताईने कागद लांब धरून वाचला. "सातवी? माझ्या आधी नळ?"

"गळत होता गं तो."

"आणि नखं? सख्ख्या बहिणीच्या आधी नखं!"

चहा अर्धाच राहिला. पण जिना उतरताना त्याने सातव्या क्रमांकावर रेघ मारली. यादीत 'सुरू करणे' एवढंच होतं. पुढे गोडीने चालवण्याबद्दल अक्षर नव्हतं. ताई आता रोज फोन करून भांडते.

तो रोज सकाळी तलावाच्या उथळ टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात, कठडा घट्ट धरून उभा असतो. बायको नुसती सोबतीला म्हणून आली होती. तिने जन्मात कसली यादी केली नाही. महिन्याभरात ती तलाव आरपार पोहू लागली. त्याच्या शेजारून वळताना ती "सरका जरा" म्हणते, आणि तो सरकतो.