एक जोड जास्त

उंब्रजमध्ये सायकल दुरुस्तीत रसूल मुलाण्याच्या हाताला नाव होतं. गडी तीस वर्षं त्याच धंद्यात, पण स्वभावानं महा हेकट. कुणी काही सुचवलं की हातातला पाना पुढं करायचा, "मग तुमीच करा की!" त्याचं काम कधी फसायचं नाही, त्यामुळं माणसं गप बसायची.

त्याची लेक नूरीन आशा सेविका. घाट चढून पठारावरच्या वाड्या हिंडायची, तीही सायकलवर, कारण स्कूटर म्हटलं की तिचे हातपाय कापायचे. तिचे गुडघे दुखायला लागले तसं रसूलनं मनावर घेतलं. तिच्या सायकलीला मोटर बसवायची, आणि तीही चाकात नव्हे, पायडलच्या मधोमध. चढाला तीच खरी.

सांगलीत पार्ट विकणाऱ्या कृष्णातनं त्याला पढवून पाठवलं होतं. "रसूलभाई, ही मोटर चेनमधनं वढती. समदा जोर चेनवर. मागं सात गिअर हायती, तवा ही बारीक चेनच लागंल, तुमची जाडी चालायची न्हाई. जोडायला ही एक कडी दिलीया. एकदा भाईर काढल्याली पिन परत ठोकू नगा, ती धरत न्हाई."

"आरं, तू जलमायच्या आदीपासनं पिना ठोकतोय मी," रसूल हसून म्हणाला. घरी येऊन ही गंमत त्यानं नूरीनलाही सांगितली.

मोटर झकास बसली. चेन मापाला घेतली आणि तिथंच माशी शिंकली. सवयीनं त्यानं जुनी चेन शेजारी धरली आणि नवी बरोबर तेवढीच कापली. पण मोटरचं पुढचं चक्र जुन्यापेक्षा मोठं! चेन आखूड पडली. मग कापलेल्यातल्याच चार कड्या परत घालायच्या, म्हणजे जोड आले दोन आणि कृष्णातनं दिलेली जोडायची कडी एकच. दुसऱ्या जोडाला त्यानं काढलेली पिन हातोडीनं ठोकली.

नूरीन दारात उभी राहून बघत होती. "अब्बा, ते पार्टवाले न्हाई म्हनले हुते न्हवं? दुसरी चेन आणूया. चार दिस मी चालत जाईन."

"माज्या हातावर भरवसा न्हाई व्हय तुजा?"

ती आत गेली. बापापुढं कधी जास्त बोललीच नव्हती बिचारी.

चार दिवस सायकल भुंगाट पळाली. फक्त चढाला जोर लागला की चेनमधनं टक्‌ असा आवाज यायचा. रसूलनं तेल घातलं, नवी हाय, बसंल जाग्यावर, असं तिला सांगितलं. पण मनातनं तो पार धास्तावला होता. तरी तिला थांब म्हणवत नव्हतं.

पाचव्या दिवशी ती गेल्यावर त्याला राहवेना. कापलेल्या चेनचा उरलेला तुकडा घेतला, पिन काढून तशीच परत ठोकली, तुकडा शिकंज्यात धरून पकडीनं पिळला. कडीची पट्टी हरभऱ्याच्या टरफलासारखी सुटून आली. रसूलनं पकड तिथंच टाकली.

फोन लावला, वाजत राहिला. शेजाऱ्याची मोटरसायकल घेऊन तो घाटाला लागला. उसाचे दिवस. वरनं दोन-दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर उतरत होते, आणि येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरची चाकं तो निरखून बघत होता. या अल्ला, नुसती खरचटू दे तिला, एवढंच तो पुटपुटत होता.

दुसऱ्या वळणावर गर्दी दिसली. सायकल ट्रॉलीखाली गेली होती. नूरीन कडेला बसली होती, शुद्धीवर होती. उजव्या पावलाला कुणीतरी बांधलेला टॉवेल लालभडक झाला होता. लोकांनी ड्रायव्हरची गचांडी धरली होती. जतकडचा धुळा म्हणून होता. "आवं, ताई उभ्या ऱ्हाऊन पायडल मारत हुत्या. एकदम आडव्या झाल्या म्होरं. लय दाबला ओ बिरेक!" तो रडकुंडीला आला होता. कुणी ऐकत नव्हतं.

"रसूलभाई, ह्येला आदी पोलिसात द्या!"

रसूल खाली वाकला. कृष्णातची कडी शाबूत होती. ठोकलेला जोड उघडा पडला होता. तेवढा तुकडा खिशात घातला असता तर कुणाला काही कळलं नसतं. ते मनात आलंच त्याच्या, खोटं कशाला सांगायचं?

"सोडा त्येला," तो म्हणाला. "चेन मी जोडलीया. नगं म्हनत हुतं मला माजं लेकरू."

धुळाच्या कॉलरवरचे हात निघाले. नूरीनला उचलून तिथं थांबलेल्या एका जीपमध्ये मागच्या बाकावर निजवलं, तिच्या डोक्याशी जागा होती. रसूल चढायला गेला, तेव्हा तिनं हात त्या जागेवर आडवा ठेवला.

"अब्बा," ती म्हणाली, "तुमी मागनं या."