झेंडूचा हार आणि जेट बोट

आमच्या घरातले पुरुष वाहन कसं विकत घेतात, हे मी लग्नानंतर लवकरच बघितलं. इंजिन चालू करायचं, बॉनेटवर हात ठेवायचा, डोळे मिटून आवाज ऐकायचा आणि धुराकडे बघून मान डोलवायची. ट्रॅक्टर असाच आला, जीपही अशीच आली. मग पाचोडकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली जुनी जेट बोट दिसल्यावर माझा नवरा आणि थोरले दीर दुसरं काय करणार? मालक म्हणाला, "इंजिन जरा गरम होतं, बाकी एक नंबर." दोघांनी कोरड्या फरशीवरच आवाज ऐकला आणि सौदा पक्का केला. बोट आधी पाण्यात घालून बघावी, एवढं साधं या शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही.

कारण मात्र खरं होतं. सासरे तरुण असताना त्यांचं गाव जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली गेलं. आता त्यांचे गुडघे आणि डोळे दोन्ही थकलेत. "एकदा गावावरून जायचंय," एवढंच ते म्हणत. कोळ्यांच्या होडीतून नेलं असतं तरी भागलं असतं. पण मग आमच्या गारखेड्यात या दोघांचं कौतुक कोणी केलं असतं?

बोट ट्रेलरवर दारात उभी राहिली आणि रोज संध्याकाळी गल्लीला ऐकवण्यासाठी तिचं इंजिन सुरू व्हायला लागलं. ही बोट खालून पाणी ओढते, ते मागे फेकते आणि त्या जोरावर पळते. इंजिनही त्याच पाण्यानं गार होतं. कोरडी चालवली तर जळेल, हे मी मोबाईलवर व्हिडिओ बघून सांगितलं.

"तुला काय कळतं इंजिनातलं?" नवरा म्हणाला.

यांना तरी कुठे कळत होतं! पण आवाज ऐकून मान डोलवण्यात दोघं पटाईत.

शेवटी एका सकाळी बोट धरणावर नेली. आमच्याकडे पूजा केल्याशिवाय चाक हलत नाही. हिला चाक नव्हतं, तरी हळदी-कुंकू झालं, नारळ फुटला, लिंबू-मिरची लटकली. दिरांनी झेंडूचा हार आणला होता, तो एवढा लांब की बोटीच्या नाकावरून थेट पाण्यात लोंबत होता.

"अहो, तो हार काढा. आत ओढला जाईल," मी म्हटलं.

"पूजेचा हार काढत नसतेत," दीर म्हणाले. विषय संपला.

बोट गर्जत निघाली. सासऱ्यांनी दोन्ही हातांनी कठडा धरला होता. जरा पुढे गेलो आणि हार दिसेनासा झाला. खालून घरघर आली, धूर निघाला, इंजिन बंद. काठ इतका जवळ होता की जीपच्या मागे रंगवलेलं 'आईचा आशीर्वाद' मला सहज वाचता येत होतं.

"तूच म्हणला व्हता, आवाज एक नंबर हाय!"

"अन् हार कुणी आणला?"

दोघं भांडले, झाकण उघडून धुरात हात घातले, हात भाजून घेतले आणि मग खाली मान घालून बसले. माझ्या तोंडाशी तर केवढं तरी आलं होतं. तेवढ्यात सासऱ्यांनी वाकून पायातल्या चपला काढल्या.

"आरं, आलं की गाव! हितंच मारुतीचं देऊळ व्हतं."

"व्हय दादा? हितंच?" नवऱ्यानं वडलांना विचारलं. त्याचा चेहरा उजळला.

"व्हय. बराबर आणलं तुमी." त्यांनी पाण्याला हात जोडले.

गाव पलीकडच्या काठाला, टेकडीच्या पायथ्याशी होतं. मी भाकरी थापत असताना त्यांनीच मला कितीदा तरी सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प राहा म्हणून सांगितलं. मला या दोघांचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं. मी पण चपला काढल्या.

कोळ्यांनी दोर बांधून आम्हाला काठाला आणलं. बोट अजून दारात आहे. आल्यागेल्याला दोघं भाऊ मोठ्या तोऱ्यात सांगतात, की दादांना गावाला नेलं ते हिनंच. परवा घरात कोणी नसताना मी सासऱ्यांना म्हटलं, "मामा, आपण दोघं होडीनं जाऊ. टेकडीपर्यंत."

त्यांनी दाराबाहेर, त्या बोटीकडे बघितलं.

"आता कशाला, पोरी? जाऊन आलो नाय का."