हितवर तिची

परवा खंडेनवमीला पूजेआधी शिलाई मशीन पुसून त्याला तेल घातलं आणि त्या वासाने मला थेट १९९६ सालच्या मखमलाबादच्या दुपारी नेऊन बसवलं.

माझी मैत्रीण सुमन काविळीने जाऊन महिना झाला होता. "तिचं मशीन तूच ने," असा तिच्या आईने, म्हणजे मावशींनी, निरोप धाडला, म्हणून मी गेले. मशीन जाम होतं. सुईखाली माझाच ब्लाऊज अडकलेला होता. आमच्या घराण्यातली पहिली पदवी घ्यायला मी तो घालून जाणार होते. एक बाही लावून झालेली, दुसरी अर्धीच. मी चाक फिरवलं, तसा दोरा आणखीच गुंतला.

"अगं, उलटं फिरवतीस! बीए झाली ना तू?" मावशी दारातून ओरडल्या. "आन् ओढू नको, फाटंल. तिच्या हातचं तेवढंच राह्यलंय."

खालची बॉबिन काढून मी चिमट्याने एकेक धागा सोडवला, तेल सोडलं, चाक जपून माझ्या अंगाकडे फिरवलं. सुई वर आली. कापड शाबूत होतं. उरलेली बाही मी तिथेच शिवली, वाकडीतिकडी.

मावशींनी शिवणीवरून बोट फिरवत नेलं. "हितवर तिची," म्हणाल्या, आणि बोट तिथेच थांबलं.

तेव्हा मला वाटलं, माझी शिवण त्यांना आवडली नाही. आता कळतं, त्यांना तिथून पुढे जायचंच नव्हतं.