आईसाठी फाडलेला कोट

हिरोनं कोट उलटसुलट करून पाहिला आणि घालायला साफ नकार दिला. "चीर चुकीच्या बाजूला आहे." दुबईत अल क्वोजच्या गोदामात उभा केलेला न्यूयॉर्कचा सेट, चाळीस माणसं ताटकळलेली, आणि कॉश्च्युम सुपरवायझर मी. म्हणजे चूक माझीच.

पिक्चर शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतला. तेव्हा तिथे दारूबंदी होती. चोरटी दारू विकणाऱ्या टोळ्यांमध्ये गरीब वस्तीतली ज्यू पोरंही होती. आमचा हिरो त्यातलाच एक गँगस्टर. त्या दिवशी त्याच्या आईच्या दफनाचा सीन होता. आईवडील गेले की ज्यू लोक अंगावरचा कपडा छातीशी फाडतात. आधी छोटी चीर द्यायची, मग हातानं ओढायचं. कॅमेरा उजवीकडे होता, म्हणून मी शहाणपणा करून चीर उजव्या लॅपलला दिली. लॅपल म्हणजे कोटाची छातीवर दुमडलेली पट्टी.

"आईसाठी डावीकडे, हृदयाच्या बाजूला," हिरो म्हणाला. तो स्वतः ज्यू होता.

डायरेक्टर वैतागला. "कोणाला कळणार आहे? गँगस्टर टापटीप दिसू दे. फाडाफाडी ड्रॉप करू."

"पिक्चरमध्ये आम्ही एकतर नोटा मोजतो, नाहीतर माणसं मारतो," हिरो शांतपणे म्हणाला. "कुणाचा तरी मुलगा असण्यासाठी मला हा एकच सीन आहे."

"अर्धा तास. एक टेक. नाही जमलं तर सीन खलास," डायरेक्टर म्हणाला.

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला. स्पेअर कोट एकच होता. तो घेऊन मी आमच्या टेलरकडे, राजापूरच्या मुस्तफा मास्टरांकडे धावले. त्यांनी शिवलेल्या लॅपलमध्ये आतून जाड कॅनव्हास असतो. दोघांनी ओढला तरी फाटायचा नाही.

"मास्टर, डावी बाजू इतकी कच्ची करा की एका झटक्यात फाटेल."

"मॅडम, माझा हात कच्चं शिवत नाही. आणि हा मवाली चांगला कोट फाडतो कशाला?"

"त्याची आई गेलीय, मास्टर."

मास्टरांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांची आई गेली तेव्हा शारजाच्या ट्रॅफिकमध्ये त्यांची फ्लाइट चुकली होती. माती द्यायलाही पोचले नव्हते. माझ्या तोंडून ते वाक्य सहज गेलं होतं, पण आता मला ओशाळल्यासारखं झालं.

"आणा इकडे," ते म्हणाले. अस्तर उसवून त्यांनी कॅनव्हास काढला, कापडाचे धागे आतून ब्लेडनं एकाआड एक कापले आणि अस्तर पुन्हा टाचलं. डावीकडे बारीक चीर दिली. बाहेरून एवढंच दिसत होतं.

"यल्ला, चला, ॲक्शन!" डायरेक्टर ओरडला.

हिरोनं चीर धरून खाली ओढली. टर्रकन आवाज झाला. तो रडला नाही. फाटलेल्या जागेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. डायरेक्टरनं दुसरा टेक मागितला नाही.

कोट परत करायला हिरो स्वतः आला. मास्टरांनी सवयीनं सुई ओवलेलीच होती. "द्या, पाच मिनिटांत पहिल्यासारखा करतो." मी ते इंग्रजीत सांगितलं.

हिरोनं मान हलवली. "आईसाठी फाडलेलं पुन्हा पहिल्यासारखं शिवत नाहीत. कधीच नाही."

मी ते मास्टरांना मराठीत सांगितलं. त्यांनी सुईतला दोरा हळूच काढून घेतला. डोळे पुसले आणि कोट हँगरला लावला.

सीन पिक्चरमध्ये राहिला. कोट आमच्या स्टोअरमध्ये आहे. कोणी तो दुरुस्तीच्या ढिगात टाकू नये म्हणून मास्टरांनी स्वतः टॅग लावलाय: शिवायचा नाही. मी मात्र तेव्हापासून कात्री उचलण्याआधी विचारते.