लग्नाचे पैसे

बायकांच्या भिशीत किस्से कमी पडत नाहीत. आमच्या जिंतूरच्या गल्लीतली भिशी तर पोरांच्या कॉलेजच्या फीसाठीच सुरू केलेली. त्यामुळं दर जूनला नवा किस्सा, आणि दर जूनला माझं डोकं फिरणार हे ठरलेलं. मी शाळेत शिकवते, पण भिशीत बसले की शाळेतली भाषा मला जमत नाही.

*

पहिल्याच भिशीला आमच्यातल्या शारदाचा नवरा, बाळासाहेब, दारात उभा राहून आम्हाला अक्कल शिकवायला लागला. प्लॅनिंग कसं असावं बघा म्हणे! पोरगा आणि पोरगी, दोघांच्या नावानं बँकेत सारखीच एफडी केलेली. मी म्हटलं, वा!

तर म्हणतो कसा, "पोराचे शिक्षणाचे, पोरीचे लग्नाचे."

माझा वा मी परत घेतला.

*

किराणा दुकानवाले नामदेवराव त्याच्याही पुढचे. पोराला लातूरला क्लासला घातलं होतं. एवढा खर्च कसा झेपतो, म्हणून मी सहज विचारलं. गूळ तोलता तोलता म्हणाले, "लग्नात निघतंय की सगळं."

पोरगा तेव्हा अकरावीत होता! धाकटी पोरगी गल्ल्यावर बसून हे सगळं ऐकत होती. मी गूळ तिथंच ठेवून घरी आले.

*

बाळासाहेबांचा पोरगा इंजिनिअरिंगला गेला. त्याची एफडी मोडली, शारदाची भिशीही त्यातच गेली. दिवाळीला चिरंजीव घरी परत. का, तर मेसची भाजी बरी नव्हती! कुणी आवाज चढवला नाही. बाप म्हणाला, पोरगं लय वाळलंय. पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज, दुसरी फी.

*

मग त्याच घरातल्या वैष्णवीचा नंबर नांदेडला बी.फार्म.ला लागला. फी शनिवारच्या आत भरायची होती. बाळासाहेब म्हणाले, ते पैसे लग्नाचे हायत, त्याला हात लावायचा न्हाई. पोरगी जेवेना. शारदानं भिशीत येऊन हे सगळं सांगितलं. माझं टाळकंच सरकलं.

तशीच उठून त्यांच्या घरी गेले. बाळासाहेबांना म्हटलं, एक स्थळ आहे. घर चांगलं, मुलगा सरकारी नोकरीत. अट एकच, मुलगी बी.फार्म. झालेली पाहिजे. तोवर ते थांबतील.

दुसऱ्या दिवशी एफडी मोडली या माणसानं! फी भरली, वर गल्लीत पेढे वाटले. पोरगी रडून मागत होती तेव्हा पैसा सुटला नाही, आणि जो जावई कुठं नाहीच त्याच्यासाठी बँक उघडायच्या आधी दारात उभा. शारदाला हे आठवलं की अजून हसू येतं. मला नाही येत. संताप येतो.

*

वैष्णवी आता शेवटच्या वर्षाला आहे. बाळासाहेब भेटले की विचारतात, पाहुणे काय म्हणतात? मी सांगते, आधी पास होऊ द्या म्हणतात.

परवा नामदेवराव घरी आले. हा माणूस दुकान सोडून कुणाच्या घरी जात नाही. चहा संपवला, पोराचं, पावसाचं काहीबाही बोलले. मग रिकाम्या कपाकडं बघत हळूच म्हणाले, "मॅडम, त्या पाहुण्यांना धाकटा मुलगा हाय का? आमची पोरगीबी शिकायचं म्हणायलीय."