हवेतला पाय

शेजारचे नाना जुने इंग्रजी सिनेमे जमवतात. काल त्यांनी कपाटातून नाचगाण्यांचा एक हॉलिवूडी विनोदी सिनेमा काढला. डिस्कवरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. वेष्टनावरच्या चित्रातली पिवळ्या झग्यातली नटी एक पाय हवेत उचलून हसत होती.

“लावू या ना,” मी म्हटलं.

“छे! सील फोडलं की संग्रहाची मजा गेली. तुझी काकूसुद्धा किती मागे लागायची, पण तिलाही फोडू दिलं नाही.”

काकूंना जाऊन वर्ष झालं. मला तिथे बसवेना. माझ्याही घरी लग्नात आलेला कपांचा सेट खोक्यातच आहे. कुणासाठी जपतो आपण?

नानांनी डिस्क रुमालाने पुसून आत ठेवली, कपाट लावलं. त्या नटीचा पाय हवेतच राहिला. माझा मात्र घराकडे, त्या कपांच्या खोक्याकडे वळला.